ढमाल्यांचं व्ही.टी.

तात्यासाहेब ढमाले मला पहिल्यांदा दिसले ते मुंबईच्या पोटातून वर येताना. आधी जमीन हादरली. मग व्ही.टी. स्टेशनाच्या मागे, जिथे फलाट संपतात, तिथे एक टक्कल उगवलं. टकलामागोमाग भुवया आल्या, दोन मालगाड्या समोरासमोर उभ्या कराव्यात तशा. मग मिशा आल्या. डावं टोक तीन नंबरच्या फलाटावर, उजवं सात नंबरच्या, आणि मधल्या सगळ्या गाड्या त्या मिशांच्या सावलीत. स्टेशनाचा मोठा घुमट त्या माणसाच्या हनुवटीला जेमतेम लागत होता. पुराणातले राक्षस समुद्रातून वर येतात हे मला ठाऊक होतं. पण ते दातांत स्क्रू धरून येतात हे कुणी सांगितलं नव्हतं.

मी दारात उभा होतो. ग्वाल्हेरला गोरखीच्या मागच्या गल्लीत आदल्याच दिवशी बिऱ्हाड आणलं होतं आणि नळाला पाणी कधी येतं एवढंच शेजाऱ्यांना दारातून विचारलं होतं.

"पाय!" राक्षस गरजला.

मी एक पाय उचलला.

"दुसरा!"

दुसराही उचलला असता. त्या आवाजात अधिकारच तसा होता. पण माझ्या शरीरात ती सोय नाही. मी एका पायावर खाली पाहिलं, तर माझ्या टाचेखाली रंग वाळायला ठेवलेला पहिल्या वर्गाचा डबा होता.

"पाणी एक दिवसाआड, सकाळी," स्वयंपाकघरातून एका बाईचा शांत आवाज आला. "आणि त्यांच्याकडे लक्ष देऊ नका. बारा डबे अजून शाबूत आहेत. चहा घेणार ना?"

या मंदाताई. ढमाल्यांच्या घरात जे काही वेळेवर व्हायचं ते त्यांच्यामुळे व्हायचं. रेल्वे तात्यासाहेबांकडे होती.

राक्षसाचा खुलासा चहाबरोबर झाला. खोलीभर पसरलेलं एक टेबल होतं, त्याच्यावर मुंबईचं व्ही.टी. स्टेशन उभं राहात होतं, आणि टेबलाच्या एका टोकाकडे माणूस उभा राहील एवढं चौकोनी भोक पाडलेलं होतं. तात्यासाहेब टेबलाखालून रांगत जायचे, त्या भोकातून वर यायचे आणि तिथून अख्खी मध्य रेल्वे चालवायचे. सगळी बटणं त्या भोकाच्या कडेला बसवलेली होती. स्टेशनाचं नाव आता बदललं आहे हे त्यांना माहीत होतं. "बाहेर बदललंय," ते म्हणायचे, "टेबलावर व्ही.टी.च आहे."

ढमाले घराणं अडीचशे वर्षांपूर्वी फौजेबरोबर दख्खनमधून इकडे आलं. येताना तलवार आणली होती, ती अजून आहे. तात्यासाहेबांच्या पिढीपर्यंत लढाया संपल्या असल्यामुळे ते ए.जी. ऑफिसात, म्हणजे सरकारी हिशेब तपासायला, लागले आणि छत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या कामावर आक्षेप काढत राहिले. खंदकाऐवजी टेबलामागे बसायचं, एवढाच काय तो फरक. निवृत्तीनंतर आक्षेप काढायला फक्त मंदाताई उरल्या. तो मोर्चा तात्यासाहेबांनी पहिल्या आठवड्यातच सोडून दिला आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतः काहीतरी करायला घेतलं.

पण व्ही.टी.च का? ग्वाल्हेरच्या माणसानं ग्वाल्हेरचं स्टेशन करावं. नाहीतर छोटी लाइन करावी, जिच्यावर बैलगाडीला वाट देत गाडी जायची. हा प्रश्न मी विचारला तेव्हा तात्यासाहेबांनी मला बसायला सांगितलं. म्हणजे उत्तर लांब होतं.

लहानपणी वडील त्यांना मुंबई दाखवायला घेऊन गेले होते, पंजाब मेलनं. वडिलांचे आतेभाऊ न्यायला येणार होते आणि त्यांनी पत्रात बजावलं होतं, स्टेशनावर थांबा, हलू नका. मेल सकाळी व्ही.टी.ला पोचली. बापलेक आठ नंबरच्या फलाटावर थांबले. आतेभाऊ दादरला उभे राहिले होते. दोन्हीकडची माणसं ढमाल्यांच्या रक्ताची, त्यामुळे दिलेली जागा कुणीच सोडली नाही. दुपार झाली, संध्याकाळ झाली. शेवटी वडील मुलाला घेऊन परतीच्या मेलमध्ये बसले आणि पुढे आयुष्यभर सांगत राहिले, "आम्ही माघारी फिरलो नाही. गाडीच ग्वाल्हेरकडे चालली होती."

तेव्हा तात्यासाहेबांनी मुंबई पाहिली होती ती एवढीच. समुद्र नाही, राणीचा बाग नाही. एक स्टेशन, पण ते मात्र दिवसभर पाहिलेलं. त्यानंतर ते मुंबईला कधी गेले नाहीत. जाण्याची गरज त्यांना वाटली नाही, कारण त्यांच्या मते मुंबईत स्टेशनाखेरीज काही असतं याचा पुरावा नव्हता.

बांधकाम घरातल्या घरात चाललं होतं. प्लायवूड द्यायचे मंदाताईंचे धाकटे बंधू संग्रामसिंह. त्यांचं फूलबागेजवळ दुकान होतं. रुळांखालची खडी म्हणून दाल बाजारातून मोहरी आणून डिंकात चिकटवली होती. छोटा घुमट म्हणजे पालथा तांब्या. दर्शनी भागातली मोठी नक्षीदार गोल खिडकी ही पुरणयंत्राची जाळी होती आणि ती नाहीशी झाल्याचं मंदाताईंना संक्रांतीला कळलं. प्लायवूडवर रेघ मारायला घरातली सर्वांत लांब वस्तू म्हणून पूर्वजांची तलवार घेतली होती. तलवार वाकडी असल्यामुळे व्ही.टी.चे सगळे फलाट शेवटी किंचित उजवीकडे वळत.

प्रवाशांची अडचण होती. एवढी छोटी माणसं ग्वाल्हेरात मिळत नाहीत. बंगळूरला नोकरी करणारा मुलगा, सौरव, त्यानं इंजिन आणि डबे पाठवले होते, पण माणसांचं म्हटल्यावर तो फोनवर म्हणाला, "बाबा, यार, एक पॅकेट की कीमत में मैं खुद आ जाऊँगा." तेव्हा तात्यासाहेबांनी माळ्यावरून सौरवच्या लहानपणच्या दिवाळीच्या किल्ल्यातले मातीचे मावळे काढले. त्यामुळे आठ नंबरच्या फलाटावर ढाल-तलवारी घेतलेले शिलेदार पंजाब मेलची वाट पाहात उभे असत, आणि प्रत्येक शिलेदार इंजिनापेक्षा वीतभर उंच.

"यांना गाडीची गरज काय?" मी विचारलं. "हे गाडी उचलून नेतील."

"आक्षेप नोंदवून घेतला," तात्यासाहेब म्हणाले. ते त्यांचं ठेवणीतलं वाक्य होतं. त्यानंतर काहीच घडत नसे.

मंदाताईंची अट एकच होती. खोली भाद्रपदात रिकामी हवी. त्या खोलीत पूर्वेच्या भिंतीशी त्यांच्या गौरी बसायच्या. त्यांच्या सासूबाईंच्या सासूबाईंपासून त्याच जागी. गणपती कुठेही बसेल, तो पुरुषमाणूस आहे. गौरींची जागा ठरलेली असते आणि ती बदलत नाही. तात्यासाहेबांनी शब्द दिला होता. टेबल चार भागांत होतं, स्क्रू काढले की उचलता यायचं.

ते तसं राहिलं असतं. पण आषाढात पहिली गाडी आली.

आम्ही तिघं प्रेक्षक होतो: मंदाताई, संग्रामसिंह आणि मी. तात्यासाहेब टोपी घालून भोकातून वर आले. बटण दाबलं. कपाटामागून, म्हणजे साधारण कल्याणच्या बाजूनं, पंजाब मेल निघाली. पुस्तकांच्या बोगद्यातून आली, मोहरीवरून खडखडत आली, तलवारीच्या वळणानं उजवीकडे झुकली आणि आठ नंबरच्या फलाटाला अशी अलगद लागली की एकही शिलेदार पडला नाही. आम्ही टाळ्या वाजवल्या. तात्यासाहेबांनी टोपी काढली. त्या क्षणी त्या माणसाला काहीही मागितलं असतं तर त्यानं दिलं असतं.

टाळ्या थांबल्यावर मंदाताई म्हणाल्या, "आली. छान आली. आता जाणार कशी?"

आम्ही सगळ्यांनी इंजिनाकडे पाहिलं.

इंजिन सगळ्यांत पुढे होतं. त्याच्यापुढे रूळ संपला होता आणि भिंत होती. मागे बारा डबे. ग्वाल्हेरच्या माणसानं आयुष्यभर एकच प्रकार पाहिलेला असतो: गाडी एका बाजूनं येते, चहावाले धावतात, गाडी दुसऱ्या बाजूनं निघून जाते. स्टेशनात रूळच संपतो, आणि मग इंजिनाला सुटून, वळसा घालून दुसऱ्या टोकाला जावं लागतं, हे तात्यासाहेबांच्या ध्यानातच आलं नव्हतं. लहानपणी दिवसभर तिथे बसले होते खरे, पण ते फाटकाकडे तोंड करून, आतेभावांची वाट पाहात.

"उसमें क्या है," संग्रामसिंह म्हणाले. "जिजाजी, उलटं बटण दाबा. येईल मागं."

आणि तसं खरंच होण्यासारखं होतं. इंजिन उलटं चालत होतं. तात्यासाहेबांनी बटणाकडे पाहिलं, शिलेदारांकडे पाहिलं, भिंतीवरच्या तलवारीकडे पाहिलं.

"पंजाब मेल मागं सरकत नाही," ते म्हणाले.

"अहो, खेळण्यातली आहे," मंदाताई म्हणाल्या.

"ढमाल्यांच्या घरातली आहे."

ग्वाल्हेरात मराठी माणसाला असं वाक्य एकदा बोललं की परत घेता येत नाही. तात्यासाहेबांनी ती गाडी हातानं उचलून कपाटामागे नेऊन ठेवली. त्यांच्या मते तो पराभव नव्हता, बदली होती. पण दुसऱ्या दिवसापासून त्यांनी इंजिनाला बाहेर पडायला वळसा बांधायला घेतला.

वळशाला जागा लागते. ती पूर्वेलाच होती. महिनाभरात टेबल पूर्वेच्या भिंतीला जाऊन भिडलं. वळसा त्या चौकोनी भोकाच्या मागून, भिंतीला घासून जात होता. आणि रूळ जोडावर उडी मारू नये म्हणून चारी भाग आता खिळ्यांनी, सरसानं आणि पट्ट्यांनी कायमचे एक केले होते. श्रावण सरताना मंदाताई केरसुणी घेऊन खोलीत आल्या आणि दारातच थांबल्या.

"हे उचलणार कसं?"

तात्यासाहेबांनी दार मोजलं. टेबल मोजलं. पुन्हा दार मोजलं, त्या काळात ते रुंद झालं असेल तर म्हणून. छत्तीस वर्षं ज्यानं दुसऱ्यांच्या चुका पकडल्या तो माणूस खुर्चीवर बसला आणि म्हणाला, "नाही निघणार."

त्यानंतर त्या घरात भांडण झालं नाही. भांडण झालं असतं तर बरं, असं मला वाटत होतं. इथला मराठी माणूस मराठीत बोलतो आणि हिंदीत भांडतो. ढमाल्यांच्या घरातून दोन्ही भाषा ऐकू येईनात. मंदाताई गौरींच्या धडाच्या पितळी कोठ्या घासत होत्या, मुखवटे पुसत होत्या, आणि खोलीकडे पाहात नव्हत्या. मी एकदा धीर करून म्हटलं, "या वर्षी गौरी स्वयंपाकघरात..."

"तुमच्या आईला तुम्ही पाहुण्यांची गर्दी आहे म्हणून बाहेर झोपायला सांगाल?" त्यांनी विचारलं. मी पोहे संपवले आणि घरी गेलो.

गौरी येणार त्याच्या आदल्या सकाळी संग्रामसिंह आरी घेऊन आले. टेबल त्यांच्याच प्लायवूडचं होतं, त्यामुळे कापण्याचा हक्क आपला आहे असं त्यांना वाटत असावं.

"जिजाजी, दोनच तुकडे. एकदम सफाईनं. बाद में जोड देंगे."

"कुठून कापणार?"

"हे इथून. आठ नंबरवरून."

तात्यासाहेबांनी आठ नंबरकडे पाहिलं. ते गुडघ्यांवर बसले, टेबलाखालून रांगत गेले आणि भोकातून वर आले. हात छातीवर बांधून उभे राहिले.

"आता कापा," ते म्हणाले.

"दीदी, ये तो धरने पर बैठ गये."

"बसलेले नाहीत, उभे आहेत," मंदाताई म्हणाल्या. "गुडघा दुखेल तेव्हा येतील बाहेर."

"नाहीतर असं करू, जिजाजी. तिरछा करके निकालें? थोडा इधर से उठाके..."

"तिरकं?" तात्यासाहेबांच्या मिशा दोन्ही फलाटांवरून वर उठल्या. "ज्या स्टेशनावर माझे वडील दिवसभर सरळ बसले, ते मी तिरकं करू?"

आरी खाली ठेवली गेली. चहा आला. तात्यासाहेबांना तो घुमटांवरून हात लांबवून द्यावा लागला. अकरा वाजले, बारा वाजले. तात्यासाहेबांचा चेहरा हळूहळू पांढरा पडत चालला होता, पण ते कण्हत नव्हते. मला पहिल्यांदाच कळलं की हे खेळणं नव्हे. आठ नंबर कापला असता तर त्या म्हाताऱ्याचा बाप पुन्हा एकदा स्टेशनावर बेवारस बसला असता. आणि मंदाताईंकडे पाहिलं तर त्या दाराचा उंबराच पुन्हा पुन्हा झाडत होत्या. त्यांच्या घरच्या लक्ष्मीला उद्या दारातून परत पाठवायचं होतं.

निदान खोलीचा मोकळा कोपरा तरी झाडून घ्यावा म्हणून मंदाताई खाली वाकल्या. टेबलाखाली पाहिलं. आणि वाकलेल्याच राहिल्या.

"अहो," त्या म्हणाल्या. आवाज एकदम वेगळा होता. "बाहेर या."

"नाही."

"बाहेर या म्हणते ना. तुम्ही महालक्ष्म्यांच्या जागेवर उभे आहात."

मीही वाकून पाहिलं. शंभर-सव्वाशे वर्षं जड पितळी कोठ्या एकाच ठिकाणी ठेवल्यामुळे फरशीवर दोन गोल काळपट वर्तुळं उमटली होती. ती त्या भोकाच्या बरोबर खाली होती. तात्यासाहेबांचा डावा पाय ज्येष्ठेच्या वर्तुळात होता आणि उजवा कनिष्ठेच्या.

ज्या माणसाला आरी हलवू शकली नाही तो टेबलाखालून असा बाहेर आला की दोन शिलेदार पडले. बाहेर येऊन त्यानं आधी कान पकडले, मग फरशीला नमस्कार केला.

"जागा तीच आहे," मंदाताई म्हणाल्या. त्या आता टेबलाच्या उंचीला हात लावून पाहात होत्या, मग स्वतःच्या खांद्याला, मग पुन्हा टेबलाला. "बसतील. दोघी बसतील."

दुसऱ्या दिवशी गौरी आल्या. दारापासून कुंकवाची पावलं काढली होती. ती ओटीवरून, माजघरातून, स्वयंपाकघरातून खोलीत आली, टेबलाच्या पायावरून वर चढली आणि आठ नंबरच्या फलाटावरून पुढे गेली. "गौरी आली, कशाच्या पावलांनी आली?" असं विचारत बायका मागून येत होत्या, आणि "सोन्याच्या पावलांनी" हे उत्तर देताना त्यांतल्या निम्म्या मोहरीच्या खडीला हात लावून पाहात होत्या. कोठ्या टेबलाखालून नेऊन वर्तुळांवर ठेवल्या. वर मुखवटे चढले. आणि जिथून मी एकदा एक राक्षस उगवताना पाहिला होता, तिथून दोन लक्ष्म्या नथ घालून मुंबईतून वर आल्या.

पूजेच्या दिवशी संध्याकाळी हळदीकुंकवाला सारं लष्कर लोटलं, म्हणजे फौज नव्हे, ग्वाल्हेरचा आमचा भाग. फराळ ठेवायला जागा नव्हती म्हणून बायकांनी तो गाडीत ठेवला. पंजाब मेलच्या प्रत्येक डब्यावर दोन करंज्या आणि एक लाडू.

"लाडू उतरवा!" तात्यासाहेब दाराबाहेरून ओरडले. बायकांच्या गर्दीत त्यांना आत यायला बंदी होती. "चाकं बसतील! अहो, पहिल्या वर्गात चकली ठेवू नका!"

"पुरणपोळीचं काय झालं?" कुणीतरी विचारलं.

"झाली आहे," मंदाताई म्हणाल्या. व्ही.टी.च्या दर्शनी भागात खिडकीच्या जागी गोल भोक दिसत होतं.

महिला मंडळाच्या लीलाताई दरवर्षी घरोघरी फिरून आरास पाहायच्या आणि पहिला नंबर जाहीर करायच्या. त्या बराच वेळ फलाटांपुढे उभ्या राहिल्या. "मंदा, किती गं हा नाद तुझा! आणि हे मावळे! माहेरवाशिणीला सोडायला आलेले, हो ना? काय कल्पना आहे!" पहिला नंबर मंदाताईंना मिळाला. मंडळाच्या फळ्यावर लिहिलं होतं: सौ. मंदा ढमाले, रेल्वेचा देखावा.

"देखावा," तात्यासाहेब मला म्हणाले. फळा वाचून ते तेवढंच बोलले.

तिसऱ्या दिवशी गौरी गेल्या. भोक रिकामं झालं आणि तात्यासाहेब त्यात परत गेले, या वेळी अनवाणी. कुंकू रुळांच्या सांध्यांत गेलं होतं, अक्षता चाकांत गेल्या होत्या, सात नंबरवर पंचामृत सांडलं होतं. जुना दात घासायचा ब्रश घेऊन ते दिवाळीपर्यंत मध्य रेल्वे घासत होते. मंदाताईंनी पुरणयंत्राची जाळी न मागता परत आणून बसवली आणि दुकानातून दुसरी विकत आणली.

दिवाळीच्या पाडव्याला मेल पुन्हा आली. फलाटाला लागली. तात्यासाहेबांनी चहाच्या गाळणीच्या तारेनं इंजिन सोडवलं. ते पुढे गेलं, भिंतीशी वळलं, गौरींच्या जागेमागून सावकाश वळसा घालून आलं आणि डब्यांच्या दुसऱ्या टोकाला जाऊन लागलं. मग पंजाब मेल तोंड पुढे करून कपाटामागे निघून गेली.

"गेली एकदाची," मंदाताई म्हणाल्या आणि पदरानं चष्मा पुसला.

त्यानंतर दरवर्षी गौरी व्ही.टी.त बसल्या आणि दरवर्षी पहिला नंबर मंदाताईंना मिळत गेला.

तात्यासाहेब मागच्या हिवाळ्यात गेले. मंदाताईंना सौरवनं बंगळूरला नेलं. गौरी आता तिथे सातव्या मजल्यावर, टीव्हीच्या शेजारी बसतात. खोली एका कोचिंग क्लासला भाड्यानं दिली आहे. सामान काढायला आलेल्या मजुरांनी टेबल कडेवर उभं केलं आणि दारातून बाहेर नेलं. दोन्ही बाजूंना वीतभर जागा उरली होती.